मागच्यासाठी लावलेला डबा

मराठी घरात नवी गाडी येते तेव्हा तिच्या एकेका भागाचं कौतुक करायला एकेक नातेवाईक जणू नेमलेला असतो. रंगाचं कौतुक मामी करतात. डिकीचं सासरे करतात, म्हणजे गावाहून येताना गव्हाची दोन पोती त्यात मावतील का, हे ते नजरेनंच मोजतात. एसीचं कौतुक आजी "बंद कर रे, कान दुखतात" या शब्दांत करते, आणि भाचा सनरूफमधून डोकं बाहेर काढून उरलेल्या सगळ्या गाडीचं एकरकमी कौतुक उरकतो. ॲव्हरेज विचारायला तर शेजारच्या इमारतीतली अनोळखी माणसंही थांबतात. पण "तुमच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काय देखणा आहे हो!" असं या महाराष्ट्रदेशी कुणी कुणाला म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पूजेच्या दिवशी हार बॉनेटला, स्वस्तिक काचेवर, लिंबं चाकांखाली आणि नारळ समोर. गाडीच्या पोटाखाली वाकून त्या डब्याला हळदकुंकू लावणारे गुरुजी अजून जन्माला यायचे आहेत.

मोरीच्या जाळीसारखं त्याचं नशीब. तुंबली की सगळं घर तिच्याभोवती जमतं, तोवर ती आहे हेही कुणाच्या गावी नसतं.

गॅरेजात त्याला नुसतं कॅट किंवा कॅटकॉन म्हणतात. इंजिनातून जळका वायू बाहेर पडला की सायलेन्सरकडे जाताना वाटेत त्याला या स्टेनलेस स्टीलच्या डब्यातून जावं लागतं. डब्यात सिरॅमिकची वीट असते आणि तिच्यात आरपार, केसांत घालायच्या पिनेहूनही बारीक अशी हजारो भोकं. भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा अगदी पातळ थर दिलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करायचा, अर्धवट जळलेल्या पेट्रोलची वाफ पुरती जाळायची आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांतला ऑक्सिजन सोडवून साधा नायट्रोजन हवेला परत करायचा, अशी तीन कामं तो एकाच वेळी करतो. कुठलाही भाग न हलवता, आवाज न करता आणि तेलपाणी न मागता.

आता गंमत पाहा. गाडीतला बाकी प्रत्येक भाग मालकाची काही ना काही सेवा करतो. शॉक ॲब्सॉर्बर त्याची कंबर सांभाळतो, वायपर त्याची नजर, हॉर्न त्याचा अहंकार. हा एकच भाग मालकासाठी काहीही करत नाही. तो राबतो ते मागे जो आहे त्याच्यासाठी. आणि मागे कोण असतं? सिग्नल हिरवा होण्याच्या आत भोंगा वाजवणारा. अशा माणसाच्या फुप्फुसांसाठी आपण आपल्या पैशानं प्लॅटिनम बाळगतो, हे एकदा लक्षात आलं की या डब्याविषयी आपल्या समाजात जे काही बोललं आणि केलं जातं त्याचा उलगडा व्हायला लागतो.

हा भाग बिघडल्याची खबर डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा देतो. त्यावर इंजिनाचं चित्र असतं, पण ते इंजिनासारखं मुळीच दिसत नाही. कुणाला त्यात पाण्याचा नळ दिसतो, कुणाला पाणबुडी. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या गाडीत हा दिवा लागला तेव्हा पार्किंगमध्ये जी सभा भरली तिला वार्षिक सर्वसाधारण सभेपेक्षा जास्त कोरम होता. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या काकांनी निदान केलं: "बॅटरीची निगेटिव्ह तार दहा मिनिटं काढा, दिवा जातो." तार काढली, दिवा गेला, काकांनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. चार दिवसांनी दिवा परत आला. रेडिओवरची साठवलेली स्टेशनं मात्र परत आली नाहीत. दुसऱ्यानं एक्स्प्रेस वेवर तिसऱ्या गिअरमध्ये पळवून आणायला सांगितलं. तिसऱ्यानं पेट्रोलमध्ये घालायच्या बाटलीचं नाव सुचवलं. हल्ली सगळ्याचं खापर वीस टक्के इथेनॉलवर फोडायची सोय झाली आहे, त्यामुळे एकानं तेही फोडलं. आणि एका गृहस्थांनी अत्यंत शांतपणे काळी चिकटपट्टी आणून दिव्यावर लावायला दिली. त्यांच्या स्वतःच्या गाडीत अशा तीन पट्ट्या आहेत म्हणे.

शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलानं ब्लूटूथवाला स्कॅनर जोडला. मोबाइलवर उमटलं: पी0420. याचा सरळ अर्थ असा, की कॅटच्या अलीकडे एक ऑक्सिजन सेन्सर आहे आणि पलीकडे दुसरा. पलीकडच्याची वर्दी अलीकडच्यासारखीच यायला लागली, म्हणजे मधला कामगार काम करत नाही असा गाडीच्या मेंदूला संशय आला. संशय, पुरावा नव्हे. पण कोड वाचता आला की माणसाला रोग कळल्याचा भास होतो. सभेनं एकमतानं ठराव केला: कॅट गेला, बदला.

त्या गर्दीत शहाणा प्रश्न फक्त सेक्रेटरींच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या वहिनींनी विचारला. "गेला, पण कशानं गेला?"

हा प्रश्न इतका महत्त्वाचा आहे, की मिस्त्र्यांनी तो न विचारता नवा कॅट बसवायला काढला तर तिथून गाडी उचलावी असं माझं मत आहे. कॅट सहसा आपणहून मरत नाही, त्याला मारलं जातं. त्याच्यात झिजणारं काही नाही, पण वरून येईल ते सगळं त्याला गिळावं लागतं. एखादा स्पार्क प्लग थकला, इंजिनाचा ठोका चुकायला लागला, की न जळलेलं पेट्रोल तसंच खाली उतरतं आणि डब्यात पेटतं. एरवी चारशे ते आठशे अंश सेल्सिअसवर सुखानं काम करणारी ती वीट मग हजाराच्या वर तापते, वितळते आणि भोकं बुजतात. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधला फॉस्फरस भिंतींवर बसून थर निकामी करतो. हेड गॅस्केटमधून कूलंट गळत असेल तरी तेच. सकाळी बॅटरी बसली म्हणून चार जण जमवून गाडी ढकलत न्यायची आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, हा जो आपला राष्ट्रीय व्यायाम आहे, त्यातही कच्चं पेट्रोल थेट कॅटमध्ये जातं. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत धक्का देऊ नका म्हणून लिहिलेलं असतं. पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत असते, आणि ती पिशवी फोडणं आपल्याकडे अशुभ मानतात.

कधी कधी कॅट धडधाकट असतो आणि भलत्याच्याच पापाची शिक्षा भोगतो. सेन्सरजवळच्या सांध्यातून बाहेरची हवा आत शिरत असली तरी पी0420 येतो. सेन्सर म्हातारा झाला तरी येतो. म्हणून क्रम असा: आधी पाइपची गळती, मग सेन्सर, मग प्लग आणि कॉइल, मग ऑइल-कूलंट, आणि सगळ्यांत शेवटी कॅट. आपल्याकडे तो उलटा चालतो, कारण सगळ्यांत महाग वस्तू आधी बदलली की काहीतरी केल्याचं समाधान तितकंच मोठं मिळतं. आतली वीट फुटली असेल तर मात्र शंकेला जागा नाही. थंड असताना डब्यावर रबरी हातोडीनं टिचकी मारली की आतून खुळखुळ्याचा आवाज येतो. वीट तुंबली असेल तर घाटात गाडी दम टाकते, ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी मागचा रिक्षावाला पुढे जातो. सेक्रेटरींच्या गाडीत दोन्ही होतं. तपासाअंती एक कॉइल मेलेली निघाली. ती कित्येक महिने मेलेली असावी. सेक्रेटरी थरथरीला रस्त्याचा दोष समजत होते. आपल्याकडच्या रस्त्यांमुळे गाडीची कित्येक दुखणी लपतात.

आता येतो मोहाचा क्षण. मिस्त्री हात पुसत पुसत आवाज खाली आणतात. "साहेब, नवा कशाला टाकता? आतली जाळी फोडून देतो. पिकअप बघा मग." मागच्यासाठी लावलेला भाग मागच्याला न विचारता काढून टाकायचा हा प्रस्ताव देशभरातल्या गॅरेजांत याच आवाजात मांडला जातो. छिन्नी-हातोडा घेऊन वीट फोडतात, डबा बाहेरून जसाच्या तसा, आत पोकळ. दिवा लागू नये म्हणून दुसऱ्या सेन्सरखाली एक नळकांडं घालून त्याला बाजूला उचलतात, म्हणजे साक्षीदारालाच खोलीबाहेर बसवतात. पिकअप वाढतो का? तुंबलेली वीट काढली तर वाढणारच. पण तो चांगला कॅट लावूनही तेवढाच परत येतो. उरतो तो वास, डोळ्यांना झोंबणारा धूर आणि पीयूसी.

भारत स्टेज चारच्या पेट्रोल गाडीला रिकाम्या गतीवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के आहे. पोकळ डब्याची गाडी त्यात बसवणं हे विज्ञानापेक्षा ओळखीचं काम ठरतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात प्रदूषणाचे नियम मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय फोडलेली माती जाते कुठे, हे कुणी विचारतं का? फोडायची मजुरी आपण देतो, आणि ती करडी माती पोतडीत भरून मिस्त्री ठेवून घेतात. ती माती म्हणजे प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. इतक्या सहजपणे आपण एरवी घरातली रद्दीही देत नाही. रद्दीवाल्याच्या तराजूकडे आपण डोळ्यांत तेल घालून बघतो.

ऱ्होडियमचा भाव 2021 साली सोन्याच्या दहापटीहून वर गेला होता. ही बातमी वाचकांनी फारशी मनावर घेतली नाही, चोरांनी घेतली. महाराष्ट्रात आणि गुजरातेत रात्री उभ्या असलेल्या इको गाड्यांचे सायलेन्सर कॅटसकट नाहीसे व्हायला लागले. गाडी जागेवर, टेप जागेवर, डॅशबोर्डवरचा गणपती जागेवर, आणि सकाळी चावी फिरवली की ट्रॅक्टरचा आवाज. शाळेची मुलं नेणारे, भाजी वाहणारे असे गरीब व्यावसायिक या गाड्या चालवतात, त्यांच्या पोटावर तो पाना फिरला. ज्या डब्याची मालकाला खबर नव्हती त्याची किंमत चोराला ग्रॅममध्ये पाठ होती. या धातूंचा इतिहासच थोडा चोरटा आहे म्हणा. विल्यम वुलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं पॅलेडियम शोधलं तेव्हा 1803 मध्ये ते स्वतःच्या नावाशिवाय लंडनच्या एका दुकानात नवी चांदी म्हणून विकायला ठेवलं. बाकीचे शास्त्रज्ञ ही बनवाबनवी आहे म्हणून भांडत बसले. मग पुढच्या वर्षी त्यानं ऱ्होडियमही शोधलं आणि शेवटी आपलं नाव सांगितलं.

डब्याची कल्पना मात्र सज्जनाची. युजीन हूड्री हा मूळचा फ्रेंच अभियंता अमेरिकेत स्थायिक झाला. कच्च्या तेलापासून चांगलं पेट्रोल काढायची त्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या विमानांच्या कामी आली. पुढे लॉस एंजेलिसच्या धुरक्याबद्दल वाचून तो अस्वस्थ झाला आणि 1950 च्या दशकात त्यानं मोटारीचा धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरचं पेटंट घेतलं. पेट्रोल करण्याची युक्तीही त्याचीच आणि पेट्रोलची घाण निस्तरण्याचीही. सोसायटीच्या कमिटीवर अशी माणसं हवीत. पण पेट्रोलमध्ये तेव्हा शिसं मिसळत, आणि शिसं कॅटला विष. त्यामुळे हूड्रीच्या हयातीत त्याचा डबा रस्त्यावर आलाच नाही. अमेरिकेत तो 1975 च्या मॉडेलपासून सरसकट लागला. आपल्याकडे 1 एप्रिल 1995 ला दिल्ली, मुंबई आणि तेव्हाच्या कलकत्ता व मद्रास या चार शहरांत शिसंविरहित पेट्रोल आलं आणि तिथल्या नव्या मोटारींना कॅट सक्तीचा झाला. सगळ्या देशातलं पेट्रोल शिसंमुक्त व्हायला 1 फेब्रुवारी 2000 उजाडली. मधल्या काळात मुंबईची कॅटवाली गाडी घेऊन आजोळी निघालेल्या माणसाला देवदर्शनाच्या आधी पंप शोधावा लागे.

असो. सेक्रेटरींनी जाळी फोडू दिली नाही. तत्त्वासाठी नव्हे. वहिनींनी "आणि पुढच्या पीयूसीला कुणाचे पाय धरणार?" एवढंच विचारलं. मग पुण्यातल्या नाना पेठेची, म्हणजे सुट्या भागांच्या बाजाराची वारी झाली. तिथे एका भागाचे इतके अवतार असतात, की मूळ कुठला ते परमेश्वरच जाणे. ओरिजिनल, कंपनीचा, कंपनीसारखा, कंपनीला माल देणाऱ्यांचा आणि "साहेब, हापण चालतो". कॅटच्या बाबतीत शेवटचा अवतार चालतो म्हणजे चारेक महिने चालतो. दिसायला डबा तोच, पण आतल्या थरात मौल्यवान धातू नावापुरता. गाडीचं मॉडेल, वर्ष, इंजिन आणि भारत स्टेज जुळल्याशिवाय, बिल आणि वॉरंटी असल्याशिवाय हा भाग घेऊ नये. जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीचा उतरवलेला घ्यावा, असं सुचवणारे असतात. तो कुणाच्या इकोखालून आला असेल याचा विचार करावा.

आता प्रत्यक्ष काम. सेक्रेटरींच्या मनात ते पार्किंगमध्येच करायचं होतं, कारण आयटीतल्या मुलानं बारा मिनिटांचा एक व्हिडिओ पाहिला होता. अशा व्हिडिओतली गाडी नेहमी गंज न लागलेल्या देशातली असते. आपल्या बोल्टांनी चौदा पावसाळे पाहिलेले असतात. पुष्कळ नव्या गाड्यांत तर कॅट इंजिनाला चिकटून, मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. तिथे घरगुती उत्साहाचं काही काम नाही, सरळ लिफ्ट असलेल्या वर्कशॉपमध्ये जावं. यांच्या गाडीत तो खाली, मधल्या पाइपात होता, म्हणून मिस्त्रीच पार्किंगमध्ये आले.

पहिली लढाई धीराची. गाडी नुकतीच फिरून आली होती आणि मिस्त्र्यांना दुपारी लग्नाला जायचं होतं. पण इंजिन बंद केल्यावर कॅट गार व्हायला तास दोन तास लागतात, लाल दिसत नाही म्हणून तो गार असतो असं नाही. पायथ्याला वाळलेल्या गवतात गाडी लावून गडावर चढणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. गवत कधीही पेटू शकतं, म्हणून तशी जागा टाळा असं पुस्तिकेत छापलेलं असतं. वहिनींनी मिस्त्र्यांना पोहे दिले, मग चहा, मग दुसरा चहा. सुरक्षिततेचं एवढं रुचकर पालन मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मग जॅक. गाडीबरोबर जो जॅक येतो तो चाक बदलण्यापुरता. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालणं म्हणजे विम्याच्या एजंटाचं स्वप्न पूर्ण करणं. तरी आपल्याकडे प्रथा अशी, की जॅक लावायचा, त्याच्याशेजारी दोन विटा रचायच्या आणि गॅरेजातल्या सगळ्यांत लहान पोऱ्याला म्हणायचं, "जा रे आत." वीट किंवा पोकळ सिमेंटचा ठोकळा दबावाखाली तडा न दाखवता एकदम फुटतो. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला, जमिनीवरच्या चाकांना लाकडी ठोकळे, आणि गाडीच्या वजनाला पुरतील असे लोखंडी स्टँड, तेही चेसिसच्या नेमून दिलेल्या जागी. वर दक्षता म्हणून काढलेली स्टेपनी गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवावी. स्टँड सरकलाच तर चाकाएवढी फट तरी उरते. आमच्या मिस्त्र्यांनी हे सगळं केलं, कारण त्यांच्या ओळखीत एक जण विटांवर विसंबला होता. तो किस्सा त्यांनी पोहे खाताना सांगितला आणि नंतर पोहे कुणी घेतले नाहीत.

गाडीखाली अंथरायला मिस्त्र्यांनी एक फ्लेक्स आणला होता. त्यावर प्रभागातल्या एका युवा नेतृत्वाला वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, शुभेच्छुकांचे चोवीस फोटो होते. मिस्त्री नेतृत्वाच्या छातीवर पाठ टेकून आडवे झाले. नेत्याचा कार्यकर्त्याला इतका थेट आधार मिळाल्याचं हे माझ्या पाहण्यातलं एकमेव उदाहरण.

बॅटरीची निगेटिव्ह तार या वेळी खऱ्या कारणासाठी निघाली. सेन्सर काढायचे होते, आणि पुढेमागे वेल्डिंगची वेळ आलीच तर गाडीचा मेंदू जळू नये म्हणून. वीज मंडळाच्या काकांना मात्र आपली पद्धत अखेर मान्य झाल्याचा आनंद झाला. डोळ्यांवर चष्मा हवा, साधा नव्हे, कडेनं बंद असलेला. कारण गाडीखाली उताणं पडून पान्याला झटका दिला की गंजाचे पापुद्रे सरळ डोळ्यांकडे येतात. हातमोजे हवेत. जुन्या कॅटच्या विटेभोवती तंतूंची गादी असते, तिची धूळ फुप्फुसांना वाईट, म्हणून तोंडाला मास्क. कोविडच्या काळातले उरलेले सर्जिकल मास्क सेक्रेटरींनी मोठ्या मनानं आणून दिले. धुळीसाठी त्याहून घट्ट बसणारे मास्क लागतात, तेवढं वहिनींनी औषधाच्या दुकानातून आणवलं.

बोल्टांची कथा लांबलचक आहे. गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्री मारून ठेवला असता तर ती छोटी झाली असती. पण आपल्याकडे स्प्रे मारून लगेच पाना लावतात आणि पान्याला पाइप अडकवून जोर करतात. मग नट गोल होतो, आटे जातात, आणि "साहेब, बोल्ट फ्री झाला" ही घोषणा होते. पुढचा उपाय गॅस कटर. हा शब्द ऐकताच मी चार पावलं मागे गेलो, कारण पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या त्याच गल्लीतून जातात. गाडीखाली ज्योत आणण्यापेक्षा नट फोडायचं साधं हत्यार असतं ते वापरावं. ज्योत लागलीच तर हे काम वर्कशॉपचं, अग्निशामक नळकांडं हाताशी असलेलं. मिस्त्री शहाणे निघाले. परत स्प्रे, परत चहा, परत पाना. तिसऱ्या फेरीत बोल्ट कुरकुरत सुटला.

सेन्सर काढायला खाचेची खास गोटी मिळते, म्हणजे वायर तोडावी लागत नाही. काढलेला सेन्सर वायरीवर लोंबकळत ठेवायचा नाही. परत बसवताना आट्यांना चिकटू न देणारी पेस्ट लावायची, पण टोकाला तिचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. नव्या कॅटवर बाण असतो. बाणाचं टोक मागच्या बाजूला, सायलेन्सरकडे. हे सांगायची गरज काय, असं वाटेल. डबा उलटा धरून "बसत का नाही?" असं म्हणणारे तीन जण माझ्या डोळ्यांसमोर होते, त्यांतले दोन पदवीधर. पॅकिंग नवीनच घालायचं. जुन्यावर सिलिकॉनची ट्यूब पिळून काम भागवू नये, सिलिकॉनची वाफ सेन्सरला निकामी करते. आधी सगळे बोल्ट हातानं सैल लावायचे, पाइप एका रेषेत आणायचा, रबरी टांगण्या नीट अडकवायच्या, आणि मगच आलटूनपालटून आवळायचं.

शेवटी एक पत्रा उरला. काम संपल्यावर काहीतरी उरणं ही गॅरेजातली जुनी रीत. मिस्त्री म्हणाले, "हा खडखड करतो साहेब, काढूनच टाकू." तो पत्रा म्हणजे उष्णतेची ढाल. कॅटची धग वरच्या कार्पेटपर्यंत आणि शेजारच्या नळ्यांपर्यंत जाऊ नये म्हणून कारखान्यानं लावलेली. आपल्या रस्त्यांवरच्या निम्म्या गाड्यांखालचा तो पत्रा याच एका वाक्यावर भंगारात गेला असेल असा माझा अंदाज आहे. वहिनी जिन्यावरूनच म्हणाल्या, "लावा तो." पत्रा लागला.

गाडी सुरू करायची ती उघड्यावर. तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून आवाज ऐकत उभं राहू नये; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो निरोप न घेता माणसाला घेऊन जातो. पहिल्या पाच-दहा मिनिटांत थोडा धूर निघतो, तो डब्यावर लागलेल्या तेलकट हातांचा. सभेनं तो पाहून "काहीतरी चुकलं" असा ठराव मांडलाच होता. सांध्यांतून फटफट आवाज आला नाही, कोड पुसला, दोन-तीन दिवस कमीजास्त वेगानं गाडी चालवल्यावर तिच्या मेंदूनंही कॅट पास केला.

"मग, काय फरक पडला?" असं प्रत्येकानं सेक्रेटरींना विचारलं. घाटात गाडी पळू लागली होती, पण ते श्रेय नव्या कॉइलनं घेतलं. ॲव्हरेज होतं तेवढंच. आवाज तोच, एसी तोच. एवढा पैसा ओतून दाखवण्यासारखं काही नाही, याचं त्यांना मनापासून दुःख झालं. शेवटी त्यांनी मागच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांना गाडीच्या मागे उभं करून "वास येतोय का?" असं विचारलं. ते "नाही" म्हणाले. एवढ्या खर्चाची पावती म्हणून तेवढाच एक शब्द मिळाला.

वाचकहो, तुमच्या गाडीत तो पिवळा दिवा लागला असेल तर पट्टी लावू नका. कॅट बदलावा लागलाच तर भागाचा नंबर बिलावर लिहून घ्या, जुना डबा मागून घ्या आणि पावती देणाऱ्यालाच विका. सकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत पायी जा, कारण अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापेपर्यंत कॅट काम सुरूच करत नाही आणि तेवढ्या अंतरात तो तापत नाही. आणि इंजिनाचा ठोका चुकतोय असं वाटलं तर रस्त्याला दोष न देता आधी प्लग आणि कॉइल तपासा. प्लगचा अख्खा सेट कॅटच्या किमतीपुढे किरकोळ पडतो.